चार हातवारे आणि एक चिमटी

माउसचं बटण दाबलं की दाबलं. आतला इवलासा स्विच जुळतो आणि प्रोग्रामला ‘क्लिक’ नावाची घटना कळते. संगणकाला अंदाज बांधावा लागत नाही. हवेत फिरणाऱ्या हाताला असा स्विच नसतो. तिथे घटना म्हणजे काय, हे आधी कुणीतरी ठरवावं लागतं. लीप मोशन या सेन्सरसाठी कोड लिहिणाऱ्यांची पहिली काही वर्षं या ठरवाठरवीतच गेली.

हाताने संगणक चालवायची हौस तशी जुनी. १९८० च्या सुमारास एमआयटीत रिचर्ड बोल्ट यांनी पडद्याकडे हात करून ‘ते तिथे ठेव’ म्हटलं की आकृती हलवणारी यंत्रणा दाखवली होती. १९८९ मध्ये निन्टेन्डोच्या खेळांसाठी ‘पॉवर ग्लोव्ह’ हा हातमोजा आला. गाजावाजा मोठा, पण खास त्याच्यासाठी बनलेले खेळ निघाले दोनच. २०१० मध्ये आलेल्या किनेक्ट या कॅमेऱ्याला अख्खं शरीर दिसायचं, बोटं मात्र नीट दिसत नसत.

नेमकी बोटंच पकडायची, या इराद्याने डेव्हिड होल्झ आणि मायकेल बकवाल्ड या बालमित्रांनी २०१० मध्ये लीप मोशन बनवणारी कंपनी काढली. जुलै २०१३ मध्ये सेन्सर बाजारात आला, किंमत सुमारे ८० डॉलर. जेमतेम ८ सेंटिमीटर लांबीच्या त्या डबीत दोन इन्फ्रारेड कॅमेरे आणि तीन इन्फ्रारेड दिवे होते. डबीचं काम फक्त पाहायचं. चित्रं यूएसबीतून संगणकाकडे जायची आणि हात कुठे आहे याचं गणित तिथलं सॉफ्टवेअर करायचं.

प्रोग्रामरच्या हाती पडायची ती ‘फ्रेम’. एका क्षणी दिसलेले हात, बोटं, त्यांची जागा आणि वेग, सगळं मिलिमीटरच्या हिशेबात. शून्यबिंदू डबीच्या मध्यावर. फ्रेम मिळवायच्या वाटा दोन. एक तर ‘लिसनर’ लिहायचा, म्हणजे नवी फ्रेम आली की लायब्ररीच त्याचं ‘ऑनफ्रेम’ फंक्शन बोलवायची. पण ही हाक वेगळ्या थ्रेडवरून, म्हणजे मुख्य प्रोग्रामच्या समांतर चालणाऱ्या धाग्यावरून यायची, आणि तिथून थेट खिडकीतल्या बटणाचा रंग बदलायला गेलेले नवखे हमखास तोंडघशी पडायचे. दुसरी वाट म्हणजे आपल्याला हवी तेव्हा ताजी फ्रेम मागून घ्यायची. स्वतःच्या तालावर पडदा रंगवणाऱ्या खेळांना हीच सोयीची.

तरी क्लिकची सवय सुटेना. म्हणून कंपनीने चार तयार हातवारे दिले: वर्तुळ, स्वाइप, कळ दाबल्यासारखी खाली टिचकी आणि पडद्याच्या दिशेने टिचकी. त्यांच्या व्याख्या वाचायला गमतीच्या आहेत. बोट किमान १५० मिलिमीटर सरकलं आणि वेग सेकंदाला १,००० मिलिमीटर असला, तर तो स्वाइप. वर्तुळाचा पाऊण फेरा झाला की वर्तुळ. टिचकी सेकंदाच्या दहाव्या भागात उरकली पाहिजे. हे आकडे बदलता यायचे, आणि ते बदलण्यात लोकांच्या रात्री गेल्या.

कारण हात काही व्याख्या वाचून हलत नाही. पान उलटायला हात डावीकडे नेला की तो परत उजवीकडे आणावाच लागतो, आणि सेन्सरच्या लेखी तोही स्वाइपच. शिवाय एकच स्वाइप अनेक फ्रेममध्ये ‘चालू’ दिसायचा. सुरुवात, मध्य आणि शेवट यांतला फरक न तपासणाऱ्या कोडमध्ये एका फटक्यात दहा पानं उलटायची. हात क्षणभर नजरेआड होऊन परतला, की त्याला नवा ओळखक्रमांक मिळे आणि जुन्या क्रमांकावर बांधलेला सगळा हिशेब कोसळे. डेमोत जादू वाटणारी वस्तू रोजच्या कामात का रुळली नाही, याचं अर्धं उत्तर इथे आहे. उरलेलं अर्धं हात हवेत धरून धरून दुखणाऱ्या दंडात.

सॉफ्टवेअरच्या २०१४ मधल्या दुसऱ्या आवृत्तीत पूर्ण हाताचा सांगाडा आला: प्रत्येक बोटाची हाडं, आणि सोबत मूठ किती वळली, चिमटी किती मिटली हे सांगणारे ० ते १ मधले आकडे. ‘झालं की नाही’ याऐवजी ‘किती झालं’ हे कळू लागलं. बदल खरा हा. २०१६ मध्ये ‘ओरायन’ हे सॉफ्टवेअर आलं, ते टेबलावरच्या नव्हे तर व्हीआर हेडसेटच्या कपाळावर लावलेल्या सेन्सरसाठी, आणि त्या पिढीत ते चार हातवारे मोडीत निघाले. २०१९ मध्ये ब्रिस्टॉलच्या अल्ट्राहॅप्टिक्सने कंपनी विकत घेतली, नाव झालं अल्ट्रालीप. होल्झ यांनी पुढे चित्रं बनवणारी मिडजर्नी काढली.

टिकली ती चिमटी. २०१९ च्या शेवटी ऑक्युलस क्वेस्टने स्वतःच्याच कॅमेऱ्यांवर हात ओळखायला सुरुवात केली तेव्हा तिथेही निवड चिमटीनेच, आणि २०२४ च्या अॅपल व्हिजन प्रोमध्येही नजर रोखायची नि चिमटी मिटायची. अंगठा तर्जनीला टेकल्याचं हाताला स्वतःलाच कळतं. हवेतल्या बहुतेक खुणांत ही सोय नाही.

कोडमध्ये मात्र तीही एका आकड्यावर सोपवता येत नाही. समजा ३ सेंटिमीटर अंतराला चिमटी ‘मिटली’ धरली आणि सुटायलाही तोच आकडा ठेवला, तर सीमेवर थरथरणारं बोट सेकंदात कित्येक क्लिक करतं. म्हणून सुटायला ४ धरतात. आणि चिमटीत वस्तू धरलेला हात मध्येच दिसेनासा झाला तर? काहीजण ती लगेच खाली टाकतात, काहीजण थोडा वेळ हवेत धरून ठेवतात, हात परत येईल या आशेने.