तळटीप : सेंट वॉन पॅरिश (जर्सी)

१. सेंट वॉन : इंग्लिश खाडीतील जर्सी बेटाच्या १२ पॅरिशांपैकी क्षेत्रफळाने सर्वांत मोठा (सुमारे १५ चौ. किमी). बेटाचा वायव्य कोपरा याने व्यापला आहे. उत्तरेला उभे कडे आणि ग्रोने किल्ल्याचे अवशेष, पश्चिमेला वाळूची लांबलचक किनारपट्टी, मध्ये बटाट्याची शेते. वादळानंतर किनाऱ्यावर आलेले समुद्रशैवाल गोळा करून शेतात खत म्हणून घालण्याची येथे जुनी रीत आहे.

‘पॅरिश’ म्हणजे केवळ चर्चचा परिसर, असे वाचकाने समजू नये. जर्सीत तो स्थानिक कारभाराचा जिवंत घटक आहे. निवडून आलेला कॉनेताब्ल हा पॅरिशप्रमुख असून पदसिद्ध सदस्य म्हणून बेटाच्या विधिमंडळातही बसतो. स्थानिक कर पॅरिशसभा ठरवते. मानद पोलीस विनावेतन काम करतात. वर्षातून दोनदा पदाधिकारी रस्त्यांची पाहणी करतात. झाडाची फांदी रस्त्यावर १२ फुटांपेक्षा किंवा पादपथावर ८ फुटांपेक्षा खाली लोंबत असेल, तर जमीनधारकाला दंड होतो. इतर पॅरिशांचे पोटविभाग ‘व्हँतेन’ म्हणवतात. सेंट वॉनचे सहा विभाग मात्र ‘क्युयेत’.

२०११ च्या जनगणनेत येथील लोकसंख्या ४,०९७ होती, तर राजधानी सेंट हेलियरची ३३,५२२. एवढ्या थोड्या माणसांनी आपला कारभार स्वतः सांभाळावा, ही गोष्ट प्रस्तुत प्रकरण वाचताना मोलाची ठरते. — संपा.