वंगण उद्योग (हातकणंगले परिसर)

एकमेकांवर घासणाऱ्या दोन भागांमध्ये राहून झीज आणि उष्णता कमी करणारे तेल किंवा ग्रीस म्हणजे वंगण. कोल्हापूर जिल्ह्याच्या हातकणंगले तालुक्यात वंगणाचे मूळ तेल, म्हणजे बेस ऑइल, तयार करणारी रिफायनरी नाही. वंगण खाणारी यंत्रे मात्र येथे दाटीने आहेत : इचलकरंजीचे यंत्रमाग, शिरोली औद्योगिक वसाहतीतील फाउंड्री व मशीन शॉप, हातकणंगल्याची लक्ष्मी सहकारी औद्योगिक वसाहत, कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहत आणि हुपरीचा जवाहर साखर कारखाना.

इतिहास : बैलगाडीच्या आखाला एरंडेलाचे वंगण देण्याची रीत जुनी. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसवला. तेव्हाचे जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांचे त्याला पाठबळ होते. यंत्रमाग, ऑइल इंजिन आणि लेथ वाढत गेले तसे खनिज तेल नित्याच्या खरेदीत आले.

वापर : साध्या यंत्रमागावर धोटा फेकणारी यंत्रणा उघडी असते. मागाची देखभाल करणाऱ्या जॉबरने हात सैल सोडून तेल घातले, तर ते उडून कापडावर येते. खनिज तेलाचा डाग धुलाईत सहज निघत नाही. सुताची धूळ त्यात बसली की तो काळा पडतो आणि कापड ‘सेकंड’मध्ये, म्हणजे दुय्यम प्रतीत, जाऊन भाव उतरतो. म्हणून मागासाठी पातळ आणि साबणाच्या पाण्याने निघणारे तेल निवडणे श्रेयस्कर. रॅपियर व एअरजेट मागांत गिअर बंद पेटीतल्या तेलात फिरतात, त्यामुळे ठिबकणे कमी होते.

मशीन शॉपमध्ये धातू कापताना थंडावा व वंगण देणारे कूलंट वापरतात. त्यात साधारण ५ ते १० टक्के तेल आणि बाकी पाणी असते. यंत्राचे हायड्रॉलिक तेल झिरपून टाकीवर तवंग धरते. त्याखाली हवा पोहोचत नाही आणि जिवाणू वाढतात. साप्ताहिक सुट्टीनंतर यंत्र सुरू करताच येणारा कुजकट वास त्याचाच असतो. तवंग वेळच्या वेळी काढला आणि तेलाचे प्रमाण रिफ्रॅक्टोमीटरने तपासले, तर हेच कूलंट कितीतरी अधिक काळ टिकते. छोट्या युनिटला परवडणारी एवढी सोपी बचत क्वचितच दुसरी असेल, तरीही ती सर्रास दुर्लक्षिली जाते.

साखर कारखान्यातील ऊस गाळणाऱ्या मिलच्या बेअरिंगवर प्रचंड दाब असतो आणि रोलर सावकाश फिरतात. तेथे अतिशय जाड तेल लागते. ठिबकलेले तेल पाण्याबरोबर सांडपाण्यात जाते. नदीनाल्यात सोडायच्या सांडपाण्यात तेल व ग्रीसची सर्वसाधारण मर्यादा लिटरला १० मिलिग्रॅम आहे.

पुरवठा : अमेरिका व चीन यांच्यानंतर भारत ही वंगणाची मोठी बाजारपेठ मानली जाते, पण बेस ऑइलचा बराच भाग आयात होतो. देशांतर्गत उत्पादनात मुंबईतील माहूल येथील हिंदुस्थान पेट्रोलियमच्या रिफायनरीचा वाटा मोठा आहे. बेस ऑइलचे पाच गट पाडले जातात. जुन्या पद्धतीच्या पहिल्या गटात गंधक जास्त असते. दुसरा व तिसरा गट हायड्रोजनच्या प्रक्रियेने अधिक शुद्ध केलेला असतो. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ या उत्सर्जन मानकांमुळे वाहनांच्या इंजिनांना कमी राखेची तेले लागू लागली आणि मागणी वरच्या गटांकडे सरकली. युरोपात पहिल्या गटाचे अनेक कारखाने बंद झाले. अडचण अशी, की ‘ब्राइट स्टॉक’ हे जाड तेल मुख्यतः पहिल्या गटाच्या प्रक्रियेतूनच मिळते. साखर कारखाने आणि जड गिअरबॉक्स यांना तेच हवे असते. गाडीच्या इंजिनासाठी झालेला बदल अशा रीतीने उसाच्या मिलपर्यंत पोहोचतो.

ग्रीसची गोष्ट वेगळी. प्रचलित लिथियम ग्रीसमधील मेदाम्ल एरंडेलापासून मिळते, आणि एरंडाच्या उत्पादनात भारत जगात पहिला आहे. लिथियम मात्र बाहेरून येते. विद्युत वाहनांच्या बॅटऱ्यांमुळे २०२१-२२ मध्ये त्याचे भाव भडकले. युरोपात काही लिथियम क्षारांना प्रजननास घातक ठरवण्याचा प्रस्ताव आहे. त्यावर उद्योगाचे आणि नियामकांचे मत जुळलेले नाही. कॅल्शियम सल्फोनेट ग्रीस हा एक पर्याय आहे, पण तो महाग पडतो.

धोरण : वंगणाची प्रक्रिया व वितरण १९८७ च्या नियंत्रण आदेशाखाली आले. १९९० च्या दशकात आयात खुली झाली आणि परदेशी कंपन्या बाजारात उतरल्या. पेट्रोल-डिझेल जीएसटीबाहेर असले तरी वंगणतेलावर १८ टक्के जीएसटी आहे. नोंदणीकृत कारखान्याला त्याची वजावट मिळते, नोंदणी नसलेल्या गॅरेजला नाही. पक्क्या बिलाविना सुट्या तेलाकडे ओढा राहतो, त्याचे हे एक कारण.

वंगणाच्या नावाखाली टाकाऊ तेल आणण्याचे प्रकार घडले आहेत. न्हावाशेवा बंदरात पडून असलेले अशा तेलाचे १३३ कंटेनर जाळून नष्ट करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००५ मध्ये दिला.

वापरलेले तेल : घातक टाकाऊविषयीच्या २०१६ च्या नियमांनुसार हे घातक टाकाऊ आहे. कारखान्याने ते सर्वसाधारणपणे ९० दिवसांपेक्षा जास्त साठवू नये आणि अधिकृत पुनर्प्रक्रिया केंद्रालाच द्यावे. प्रत्यक्षात काळे तेल सेंट्रिंगच्या फळ्यांना, वाळवी लागू नये म्हणून लाकडाला, नाहीतर भट्टीत इंधन म्हणून जाते. त्यात झिजलेल्या धातूंचे कण व ज्वलनाचे अवशेष असतात. जाळल्यावर ते हवेत जातात, सांडल्यावर जमिनीत. आम्ल आणि मातीने तेल साफ करण्याची जुनी पद्धत आम्लयुक्त गाळ मागे ठेवते म्हणून ती नाकारली गेली. निर्वात ऊर्ध्वपातनासारख्या पद्धती मान्य आहेत.

या नियमांच्या सप्टेंबर २०२३ च्या दुरुस्तीने १ एप्रिल २०२४ पासून उत्पादक व आयातदारांवर पुनर्प्रक्रियेचे वाढते लक्ष्य टाकले. पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडून प्रमाणपत्र घेऊन ते पुरे करता येते. नियमाची दिशा योग्य आहे. खरी कसोटी संकलनाची आहे. गॅरेजमध्ये महिन्याकाठी जमणारे एखाद-दोन कॅन उचलायला अधिकृत गाडी पाठवणे परवडत नाही, आणि भंगारवाला दारात येऊन रोख पैसे देतो. वसाहतीतील संघटनेने एकत्रित साठ्याची अधिकृत सोय केली, तरच हे गणित बदलू शकते. पंचगंगा नदीच्या प्रदूषणाची चर्चा कापड रंगवणाऱ्या प्रोसेसर्सचे रंगीत पाणी आणि नागरी सांडपाणी यांभोवती फिरते. तेल त्यात मागे पडते.

जैविक वंगणे : एरंड, करंज इत्यादींची तेले जमिनीत लवकर विघटित होतात, पण उष्णतेत ती लवकर खराब होतात.

विद्युत वाहने : त्यांना इंजिन ऑइल लागत नाही, पण गिअर ऑइल, शीतन द्रव आणि बेअरिंगचे ग्रीस लागते.