उसाचा फड, रात्रीची वीज आणि बिबट्या : जुन्नर-आंबेगावच्या हिवाळ्याचा इतिहास

१/ जुन्नर म्हटले की शिवनेरी, नाणेघाट, लेण्याद्री आठवतात. जुन्नर आणि शेजारच्या आंबेगावचा एक अलीकडचा इतिहास मात्र उसाच्या फडात घडला आहे. हिवाळ्यात रानात राबणारा माणूस तिथे बिबट्याच्या तावडीत का सापडतो, याचे उत्तर त्या इतिहासात आहे.

२/ कुकडी प्रकल्पात पाच धरणे झाली. जुन्नरमध्ये माणिकडोह, येडगाव, वडज व पिंपळगाव जोगे आणि आंबेगावात डिंभे. कालव्याचे पाणी आले, तसा ऊस वाढला. विघ्नहर आणि भीमाशंकर हे सहकारी साखर कारखाने उभे राहिले.

३/ ऊस वर्षभर उभा असतो. दाट फडात बिबट्याला आडोसा मिळतो, तर वस्तीवरची कुत्री आणि शेळ्या त्याचे भक्ष्य होतात. मादी फडातच पिले देते.

४/ हिवाळ्यात गाळप सुरू होते आणि तोडणीने हा आडोसा मोडतो. ऊसतोड मजूर पहाटेच्या थंडीत वाकून कोयता चालवतात, लेकरे बांधावर असतात. त्याच दिवसांत रब्बीला पाणी हवे असते. कृषिपंपांची वीज आलटूनपालटून रात्री येते, म्हणून शेतकरी अंधारात दारे धरतो. वाकलेला किंवा बसलेला माणूस बिबट्याला लहान जनावरासारखा भासू शकतो.

५/ फेब्रुवारी २००१ पासून वस्तीलगतचे बिबटे पकडून दूरच्या जंगलात सोडण्यात आले. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, जुन्नर परिसरात माणसांवरील हल्ले त्याआधी वर्षाला सरासरी ४ होते. या मोहिमेनंतर ते १७ झाले. उपायानेच संकट वाढवले होते.

६/ मग बचाव कशात आहे? पुरेसे उजाडल्यावर तोडणी सुरू करावी. फडात शिरण्यापूर्वी आवाज करावा, एकट्याने जाऊ नये, मुलांना नजरेआड ठेवू नये. पिले दिसली तर तोडणी थांबवून वनविभागाला कळवावे. ती त्याच जागी सुरक्षित ठेवल्यास मादी बहुधा रात्री येऊन घेऊन जाते.

७/ पण रात्रीच वीज येत असेल, तर शेतकऱ्याने सावध राहायचे तरी किती? इथे एक जुनी मागणी आठवते. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या गिरणी कामगारांनी मागितले होते की, काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावे आणि सूर्यास्ताला थांबावे.

८/ कामगाराची सुरक्षितता कामाच्या वेळेवर अवलंबून असते, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते. शेतीला दिवसा वीज देण्यासाठी २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली. जुन्नर-आंबेगावच्या शेतकऱ्याला दिवसा मिळणारी वीज म्हणजे निव्वळ सोय नव्हे. गिरणी कामगारांनी १८८४ मध्ये मागितलेला सूर्यास्ताचा हक्कच तो.