ठिगळ कोणी आणि केव्हा लावायचे?

शाळेच्या कार्यालयात परीक्षेचे अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस आहे. लिपिक संगणक सुरू करतात आणि पडद्यावर सूचना येते: अद्ययावतीकरण चालू आहे, संगणक बंद करू नका. टक्क्यांचा आकडा तीसवर येऊन थबकतो. अर्धा तास जातो, तास जातो. यंत्र शाळेचे, वीज शाळेची, काम शाळेचे. पण त्या क्षणी यंत्रावर हुकमत मात्र हजारो मैल दूर असलेल्या एका कंपनीची. हा अनुभव आज सर्वत्र येतो. त्यावर वैतागणे साहजिक आहे. पण असे का होते आणि ही सक्ती आली कोठून, हे समजून घ्यायचे तर थोडे मागे जावे लागेल.

कागदी पट्टीवरचे ठिगळ

संगणकाच्या आज्ञावलीतील दुरुस्तीला इंग्रजीत ‘पॅच’ म्हणतात. पॅच म्हणजे ठिगळ. हा शब्द सुरुवातीला अगदी शब्दशः खरा होता. १९४४ साली हार्वर्ड विद्यापीठात सुरू झालेल्या ‘मार्क वन’ या संगणकाला आज्ञा दिल्या जात त्या छिद्रे पाडलेल्या कागदी पट्टीवरून. एखादे छिद्र चुकीच्या जागी पडले, तर त्यावर कागदाचा तुकडा चिकटवून ते बुजवीत. अशी ठिगळे लावलेली पट्टी आजही जपून ठेवलेली आहे. ठिगळ लावणारा माणूस यंत्राशेजारीच उभा असे. कोणते ठिगळ, कोठे आणि केव्हा लावायचे, हे त्याला ठाऊक असे.

१९६० च्या दशकात आयबीएम कंपनीने आपल्या ‘सिस्टीम ३६०’ या संगणकांसाठी ‘ओएस ३६०’ ही प्रचंड कार्यप्रणाली तयार केली. कार्यप्रणाली म्हणजे संगणकाचे यंत्रभाग आणि आपण वापरतो त्या आज्ञावल्या यांच्यामधला कारभारी. या प्रकल्पाचे प्रमुख फ्रेडरिक ब्रूक्स यांनी १९७५ मध्ये ‘द मिथिकल मॅन-मंथ’ हे पुस्तक लिहिले. त्यात त्यांनी एक मोलाचे निरीक्षण नोंदवले आहे. एक दोष दुरुस्त करताना दुसरा नवा दोष शिरण्याची शक्यता २० ते ५० टक्के असते. याचे कारण सोपे आहे. मोठ्या आज्ञावलीचे भाग विणलेल्या कापडासारखे एकमेकांत गुंतलेले असतात. एक धागा ओढला की दुसरीकडे कोठेतरी सुरकुती पडते, आणि ती दुरुस्ती करणाऱ्याच्या नजरेस पडतेच असे नाही. म्हणून प्रत्येक दुरुस्तीनंतर जुन्या सर्व चाचण्या पुन्हा घेतल्या पाहिजेत, असे ब्रूक्स सांगतात. आज अपडेटनंतर छपाईयंत्र चालेनासे होते किंवा पडदा काळा पडतो, त्यामागचे मूळ हेच आहे.

विनंतीचा काळ

१९८० आणि १९९० च्या दशकांत घरोघरी, शाळोशाळी संगणक आले, तरी ते एकमेकांना जोडलेले नव्हते. नवी आवृत्ती फ्लॉपीवर किंवा सीडीवर येई. ती घालायची की नाही, हे मालकाने ठरवायचे. न घातली तर नुकसान झालेच तर त्याचे एकट्याचे.

इंटरनेट आल्यावर हे चित्र पालटले. मायक्रोसॉफ्टने १९९८ मध्ये ‘विंडोज ९८’ बरोबर ‘विंडोज अपडेट’ ही सोय सुरू केली. वापरणाऱ्याने कंपनीच्या संकेतस्थळावर जायचे, आपल्या यंत्रासाठी कोणत्या दुरुस्त्या आल्या आहेत ते पाहायचे आणि हव्या त्या उतरवून घ्यायच्या. २००० मध्ये आलेल्या ‘विंडोज मी’ मध्ये हे काम आपोआप करण्याची सोय झाली. पण ती वापरायची की नाही, हे माणसाच्या मर्जीवर होते. बहुतेकांनी लक्ष दिले नाही. त्याचा परिणाम पुढच्या तीन वर्षांत दिसला.

जुलै २००१ मध्ये ‘कोड रेड’ नावाच्या संगणकीय किड्याने एका दिवसात १४ तासांच्या आत सुमारे ३ लाख ५९ हजार संगणक ग्रासले. ज्या छिद्रातून तो शिरला, त्यावरचे ठिगळ महिनाभर आधीच उपलब्ध होते.

२५ जानेवारी २००३ रोजी ‘स्लॅमर’ आला. त्याची लांबी फक्त ३७६ बाइट, म्हणजे तितकी इंग्रजी अक्षरे एका पोस्टकार्डावर सहज मावतील. सुरुवातीला दर साडेआठ सेकंदांनी त्याची संख्या दुप्पट होत होती. दहा मिनिटांत जगातील ग्रासण्याजोग्या संगणकांपैकी सुमारे ९० टक्के त्याच्या ताब्यात गेले. अमेरिकेत काही बँकांची पैसे देणारी यंत्रे बंद पडली. या छिद्रावरचे ठिगळ जुलै २००२ मध्ये, म्हणजे सहा महिने आधी निघाले होते.

ऑगस्ट २००३ मध्ये ‘ब्लास्टर’ने घरगुती संगणकांना गाठले. पडद्यावर साठ सेकंदांची उलटी मोजणी सुरू होई आणि संगणक आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होई. येथेही ठिगळ जवळजवळ महिनाभर आधी आलेले होते.

येथे एक विचित्र गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. ठिगळ जाहीर होणे हीच हल्लेखोरांना मिळालेली खूण असते. जुनी आज्ञावली आणि दुरुस्त केलेली आज्ञावली शेजारी शेजारी ठेवून तुलना केली, की नेमके कोठे काय बदलले ते कळते. जेथे बदल, तेथे छिद्र. म्हणजे दुरुस्ती प्रसिद्ध झाल्यावर ती न लावणारा माणूस पूर्वीपेक्षा अधिक धोक्यात येतो. शिवाय त्याचे ग्रासलेले यंत्र शेजाऱ्यांवर हल्ले करू लागते. ‘माझे यंत्र, माझी मर्जी’ हे तत्त्व जोडलेल्या जगात अपुरे पडू लागले ते या कारणाने.

विनंतीकडून सक्तीकडे

ऑक्टोबर २००३ पासून मायक्रोसॉफ्टने दुरुस्त्या दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी देण्याचा पायंडा पाडला. ठरलेला दिवस असला की कार्यालयांतील संगणक सांभाळणाऱ्यांना तयारी करता येते, हा हेतू. ऑगस्ट २००४ मध्ये ‘विंडोज एक्सपी’ची दुसरी मोठी सुधारणा आली. तिने आपोआप अपडेट घेण्याची सोय चालू करा, असा आग्रह प्रत्येक वापरणाऱ्याकडे धरला.

पुढचे पाऊल २९ जुलै २०१५ रोजी आलेल्या ‘विंडोज १०’ ने उचलले. तिच्या घरगुती आवृत्तीत अपडेट नाकारण्याची सरळ सोयच ठेवलेली नव्हती. जुन्या विंडोजवाल्यांना ही प्रणाली वर्षभर मोफत देऊ केली होती, आणि तेथे आग्रहाचे रूपांतर चलाखीत झाले. २०१६ च्या मे महिन्यात पडद्यावरील सूचनेच्या कोपऱ्यातील फुलीवर टिचकी मारली, तर त्याचा अर्थ ‘नको’ असा न धरता ‘ठरल्या वेळी बसवा’ असा धरला जाई. वीस वर्षे फुलीचा अर्थ ‘बंद कर’ असा शिकलेल्या लोकांची ही फसगत होती. कॅलिफोर्नियातील एका छोट्या व्यावसायिक महिलेचा संगणक या बदलानंतर निकामी झाला. न्यायालयाने तिला १० हजार डॉलर भरपाई देवविली, आणि कंपनीने चूक मान्य न करता अपील मागे घेतले. डिसेंबर २०१६ मध्ये मात्र कंपनीच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने आपण मर्यादा ओलांडली होती, हे जाहीरपणे मान्य केले.

ऑक्टोबर २०१८ मध्ये याहून वाईट घडले. विंडोज १० ची नवी सुधारणा बसवल्यावर काही जणांच्या फायली नाहीशा झाल्या. अशी उदाहरणे प्रमाणाने अगदी थोडी होती. पण ज्याची वर्षांची कागदपत्रे गेली, त्याला टक्केवारीने काय समाधान मिळणार? कंपनीने काही दिवसांतच ती सुधारणा थांबवली आणि नोव्हेंबरमध्ये दुरुस्त करून पुन्हा दिली. २०१९ च्या मे महिन्यातील आवृत्तीपासून घरगुती वापरणाऱ्यांनाही अपडेट सात सात दिवस करून ३५ दिवसांपर्यंत थांबवण्याची मुभा मिळाली.

२०१७: दोन महिने, दोन धडे

सक्ती हवी की नको, या वादाच्या दोन्ही बाजू एकाच वर्षी पाहायला मिळाल्या.

१२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ हा किडा पसरला. तो फायली कुलूपबंद करून खंडणी मागत असे. सुमारे दीडशे देशांतील दोन लाखांहून अधिक संगणक सापडले. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेचे हाल झाले. तेथील लेखापरीक्षकांच्या अंदाजाने रुग्णांच्या १९ हजारांहून अधिक भेटी रद्द कराव्या लागल्या. ठिगळ १४ मार्चलाच निघाले होते. ज्यांनी ते लावले नाही, ते अडकले.

२७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ आला. त्याची सुरुवात युक्रेनमध्ये झाली. तेथे हिशेब ठेवण्यासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या ‘एम ई डॉक’ या आज्ञावलीच्या अपडेट पाठवणाऱ्या संगणकातच हल्लेखोर शिरले, आणि नेहमीच्या अपडेटच्या वेष्टनातून विष घरोघरी पोचले. ज्यांनी आज्ञाधारकपणे अपडेट घेतले, तेच आधी बळी पडले. पुढे कंपन्यांच्या अंतर्गत जाळ्यांतून, चोरलेले परवलीचे शब्द वापरून, तो ठिगळ लावलेल्या यंत्रांतही शिरला. डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीला ४ हजार सर्व्हर आणि ४५ हजार संगणक नव्याने उभारावे लागले. ही झळ महाराष्ट्रापर्यंत आली. न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात मर्स्क समूहाकडे असलेल्या टर्मिनलचे संगणक बंद पडले आणि कंटेनरची कामे हाताने करण्याची वेळ आली.

तिसरा धडा १९ जुलै २०२४ रोजी मिळाला. ‘क्राउडस्ट्राइक’ या सुरक्षा कंपनीने आपल्या आज्ञावलीसाठी एक छोटी फाइल जगभर एकदम पाठवली. फाइलची अपेक्षा २१ नोंदींची होती आणि आज्ञावलीने तिला पुरवल्या फक्त २०. ही आज्ञावली कार्यप्रणालीच्या अगदी गाभ्यात काम करीत असल्याने तिच्याबरोबर सगळा संगणकच कोसळे. सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. भारतातील काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले प्रवेशपास दिले गेले. कंपनीने ७८ मिनिटांत सदोष फाइल मागे घेतली, पण जे संगणक सुरूच होत नव्हते त्यांच्यापर्यंत दुरुस्ती पोचणार कशी? माणसांनी एकेका यंत्रापाशी जाऊन ती फाइल काढून टाकली. ऐंशी वर्षांनंतर ठिगळ पुन्हा यंत्राशेजारी उभे राहूनच लावावे लागले. ती फाइल आधी थोड्या यंत्रांवर पाठवून पाहिली असती, तर नुकसान तेवढ्यावरच थांबले असते.

लशीचा दाखला

वर्गात हा विषय समजावताना लशीचा दाखला उपयोगी पडतो. लस घेणारा स्वतःला वाचवतो आणि शेजाऱ्यालाही. म्हणून काही प्रमाणात सक्तीचे समर्थन होऊ शकते. पण सक्ती कशी केली जाते, याला फार महत्त्व आहे. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यात झालेल्या घरझडत्यांचा हेतू रोग थांबवण्याचा होता. लोकांना विश्वासात न घेतल्याने त्यातून काय निष्पन्न झाले, हे आपल्याला ठाऊक आहे. त्याच वर्षी हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली. १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल गावी एका दूषित बाटलीतील लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. हाफकिन यांच्यावर ठपका आला. १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले. लस योग्य होती, पण एक बाटली बिघडली आणि विश्वास डळमळला. दुरुस्ती पाठवणाऱ्यावर दुहेरी जबाबदारी असते, ती अशी. प्रत्येक बाटली तपासायची, आणि घेणाऱ्याला ती काय आहे ते सांगायचे.

शाळेने काय करावे?

अपडेट कायमचे बंद करणे हा उपाय नव्हे. वरचा इतिहास तेच सांगतो. त्याऐवजी काही साध्या सवयी लावून घेता येतील.

पहिली, प्रती ठेवणे. निकालपत्रके, दाखले, हजेरी यांच्या तीन प्रती असाव्यात, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक शाळेबाहेर असावी.

दुसरी, वेळ आपण ठरवणे. विंडोजमध्ये कामाचे तास नोंदवण्याची आणि अपडेट काही दिवस थांबवण्याची सोय आहे. परीक्षेच्या आठवड्याआधी ते थांबवावे आणि आठवडा संपताच घ्यावे. शनिवारी शाळा सुटताना संगणक मुद्दाम पुन्हा सुरू केला, तर सोमवारची तारांबळ टळते.

तिसरी, आधी एकावर प्रयोग. प्रयोगशाळेत दहा संगणक असतील तर अपडेट प्रथम एकावर घ्यावे, दोन-चार दिवस पाहावे, मग इतरांवर.

चौथी, विजेची काळजी. फायली बदलण्याचे काम अर्धवट असताना वीज गेली, तर कारभारी अर्धा जुना आणि अर्धा नवा असा राहतो, आणि यंत्र सुरूच होत नाही. भारनियमनाच्या गावांत हे काम यूपीएस असलेल्या यंत्रावर आणि वीज टिकेल अशा वेळीच करावे.

पाचवी, आयुष्य संपलेल्या प्रणालीबाबत निर्णय. विंडोज १० चा सर्वसाधारण मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. अशा जुन्या यंत्रांवर लिनक्ससारखी मुक्त प्रणाली बसवावी, किंवा ती इंटरनेटपासून तोडून टंकलेखन व चित्रकलेच्या सरावापुरती वापरावीत.

शेवटी विद्यार्थ्यांसाठी एक गणित. स्लॅमर एका संगणकापासून सुरू झाला आणि दर ८.५ सेकंदांनी दुप्पट होत राहिला असे धरा. ७५ हजार संगणक ग्रासायला किती वेळ लागेल? उत्तर सव्वादोन ते अडीच मिनिटांच्या दरम्यान येईल. प्रत्यक्षात ९० टक्क्यांपर्यंत जायलाच दहा मिनिटे लागली. का, हे मुलांनाच शोधू द्या. किड्याच्या स्वतःच्याच गर्दीने वाटा तुंबल्या, आणि न ग्रासलेला संगणक सापडणे दरवेळी अधिक कठीण होत गेले, इथपर्यंत बरीच मुले पोचतील. मग त्यांना दुसरा प्रश्न विचारा: त्या ७५ हजारांपैकी निम्म्यांनी सहा महिने आधी ठिगळ लावले असते तर?