डिस्कच्या तक्रारींची दप्तरनोंद

संगणकाच्या कार्यप्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, आणि माहिती साठवणारी डिस्क यांच्यामध्ये ड्रायव्हर हा आज्ञावलीचा भाग काम करतो. वाचन वा लेखन फसले की त्याची पहिली वार्ता त्यालाच लागते. ती कोणाला, कोठे आणि किती शब्दांत कळवावी, या प्रश्नाची युनिक्स परंपरेतील उत्तरे तपासली असता असे दिसते, की नोंद वाचणारा माणूस यंत्रापासून जसजसा दूर जाऊ लागला, तसतसे नोंदीचे स्वरूप बदलत गेले.

युनिक्सच्या 1975 मधील सहाव्या आवृत्तीत या कामासाठी ‘डेवएरर’ नावाचे छोटेसे फंक्शन होते. पीडीपी-11 या संगणकाला जोडलेल्या, सुमारे अडीच मेगाबाइट क्षमतेच्या आरके05 डिस्कवर चूक झाली, की उपकरणाचा क्रमांक, ब्लॉकचा क्रमांक आणि डिस्क-नियंत्रकाच्या दोन रजिस्टरांतील मजकूर अष्टमान अंकांत कन्सोलवर, म्हणजे यंत्राशेजारच्या टर्मिनलवर, छापला जाई. ड्रायव्हर तीच क्रिया दहा वेळा पुन्हा करून पाही आणि दर अपयशाला नवी ओळ उमटे. छपाई चालू असताना बाकीची कामे जवळपास थांबत, म्हणून कर्नलने वायफळ बोलू नये अशी ताकीद मूळ आज्ञावलीतील टिपणातच दिलेली आढळते. यंत्राच्या दर्शनी फळीवरील सर्व खटके शून्यावर ठेवले, तर ही छपाई पूर्णपणे बंद होई. तक्रार ऐकायची की नाही, हे ठरवण्याचा याहून रोखठोक मार्ग पुढे कोणी काढला नाही.

कन्सोलपाशी कोणी नसेल तर ओळ वाया जाई. 1979 च्या सातव्या आवृत्तीने त्रुटीसंदेशांची शेवटची 128 अक्षरे स्मृतीत राखून ठेवली. बर्कली विद्यापीठाच्या युनिक्स आवृत्तीतील ‘डीमेसेज’ या आज्ञेने असा साठा वाचून ठरावीक वेळाने फाइलमध्ये टाकण्याची सोय केली, आणि एरिक ऑलमन यांनी सेंडमेल या टपालप्रणालीसाठी रचलेल्या सिसलॉगमुळे नोंदी जाळ्यावरून दुसऱ्या संगणकाकडेही पाठवता येऊ लागल्या. या शेवटच्या सोयीचे महत्त्व मोठे होते, कारण बिघडलेल्या डिस्कचे गाऱ्हाणे त्याच डिस्कवर लिहून ठेवण्यात फारसा अर्थ नसतो.

पुढे युनिक्सच्याच धर्तीवर घडलेल्या लिनक्स कर्नलमधील ‘प्रिंटके’ या फंक्शनने संदेशांना तीव्रतेच्या शून्य ते सात अशा आठ पायऱ्या दिल्या. पण येथे खरी अडचण डिस्क नेमकी ओळखण्याची होती: ‘एसडीए’सारखे नाव यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर दुसऱ्याच डिस्कला मिळू शकते, त्यामुळे स्कझी या जोडणी-मानकानुसार होस्ट, चॅनेल, टार्गेट आणि लन असा चार क्रमांकांचा पत्ताही नोंदीत यावा लागला. 2012 मधील 3.5 आवृत्तीपासून संदेशासोबत उपकरणाची ओळख स्वतंत्र रकान्यात ठेवता येऊ लागली.

तरीही एकाच त्रुटीचे वर्णन स्कझी ड्रायव्हर तुकड्यातुकड्यांनी छापत असल्याने अनेक प्रोसेसरांच्या यंत्रांत दोन डिस्कांच्या ओळी एकमेकींत मिसळत, आणि सेक्टर एकीचा, कारण दुसरीचे, असा घोळ वाचणाऱ्यापुढे येई. 2014 च्या सुमारास हान्नेस राइनेके यांनी ओळ आधी बफरमध्ये पूर्ण जुळवून मगच छापण्याची पद्धत आणली. लिनक्स 1996 मध्येच बहुप्रोसेसर यंत्रांवर चालू लागले होते, हे ध्यानात घेता ही दुरुस्ती फारच उशिरा झाली, असे म्हणावे लागते.