‘अंगार’मधलं पाणी आणि ‘गो’चं बटण



१९५९ साल. कोलकात्याच्या बीडन स्ट्रीटवरचं मिनर्वा थिएटर. उत्पल दत्त यांच्या लिटल थिएटर ग्रुपचं ‘अंगार’ हे नाटक चालू आहे. कोळशाच्या खाणीत आग लागली आहे, आत मजूर अडकले आहेत आणि खाण वाचवण्यासाठी मालक आत पाणी सोडतात. पाणी चढत जातं. गुडघे, कंबर, छाती, गळा. खरं म्हणजे रंगमंचावर पाण्याचा थेंबही नाही. आहे तो प्रकाश, रविशंकर यांचं संगीत आणि नटांचा अभिनय.

हे पाणी चढवणारा माणूस म्हणजे तापस सेन. जन्म १९२४चा, आसामातल्या धुबडीचा. वाढले दिल्लीत, नाव कमावलं कोलकात्यात. बहुरूपीच्या १९५४च्या ‘रक्तकरबी’ची प्रकाशयोजना त्यांचीच. ‘अंगार’च्याच वर्षी विश्वरूपा थिएटरातल्या ‘सेतू’मध्ये त्यांनी प्रेक्षकांच्या अंगावर येणारी आगगाडी दाखवली, तीही प्रकाश आणि आवाजाच्या जोरावर.

लोक विचारतात, त्यांनी दिवे कुठले वापरले? मला प्रश्न पडतो तो वेळेचा. पाणी भरभर चढलं असतं तर प्रेक्षक हसले असते. रेंगाळलं असतं तर कंटाळले असते. मग ती वेळ साधली कशी?

आधी आजची पद्धत सांगतो. प्रकाशाच्या कन्सोलमध्ये प्रत्येक बदलाला क्रमांक असतो, त्याला क्यू म्हणतात. प्रत्येक क्यूला वेळ देता येते. समजा, पाणी कमरेपर्यंत येण्याचा क्यू आहे. निळा प्रकाश वीस सेकंदांत वाढेल, खाणीतला पिवळा तीस सेकंदांत विझेल. चढण्याची वेळ वेगळी, उतरण्याची वेगळी. एखादा दिवा पाच सेकंद थांबून सुरू होईल, असंही सांगता येतं. एक क्यू संपला की पुढचा आपोआप सुरू व्हावा, अशी साखळीही जोडता येते. चालवणाऱ्यानं ‘गो’चं बटण दाबायचं, बाकीचं यंत्र करतं. ब्रॉडवेवर अशा स्मरणशक्तीच्या कन्सोलचा जमाना १९७५च्या ‘अ कोरस लाइन’पासून सुरू झाला. तिथे प्रकाशयोजना थॅरन मुसर यांची होती.

१९५९च्या मिनर्वात हे काही नव्हतं. डिमरचे दांडे हातानं सरकवायचे. वीस सेकंद म्हणजे मनगटाची वीस सेकंदांची चाल. दोन वेगळ्या वेळा हव्या असतील तर दोन हात, आणि दोन्ही हातांची गती वेगळी. साखळी जोडायची ती माणसाच्या डोक्यात. हे सगळं रोज, त्याच ठिकाणी, त्याच वेगानं करायचं.

मी फौजेत होतो, त्यामुळे मला हे ओळखीचं वाटतं. आमच्याकडे हल्ल्याच्या घटकेला एच-अवर म्हणतात. तोफांचा मारा कधी सुरू करायचा, कधी पुढे सरकवायचा, हे सगळं त्या घटकेच्या हिशेबानं मिनिटागणिक लिहिलेलं असतं. तीही क्यूंची यादीच.

पण यादीत एक धोका असतो. १ जुलै १९१६, सोमची लढाई. ब्रिटिश तोफांचा मारा वेळापत्रकाप्रमाणे पुढे सरकत गेला. पायदळ मात्र काटेरी तारांत आणि मशीनगनच्या माऱ्यात अडकलं होतं. टेलिफोनच्या तारा तुटलेल्या, मागे निरोप पोचेना. वेळापत्रक अचूक पाळलं गेलं आणि त्या एका दिवसात १९ हजारांहून अधिक ब्रिटिश सैनिक मेले.

नाटकात चूक झाली तर कोणी मरत नाही, हे मला कळतं. पण धडा तोच आहे. नटानं त्या रात्री एक वाक्य लांबवलं, श्वास घ्यायला क्षणभर थांबला, तर साखळीत बांधलेला प्रकाश त्याला मागे टाकून पुढे निघून जातो. पाणी छातीपर्यंत आलेलं असतं आणि नट अजून गुडघ्यापर्यंतच बुडालेला असतो. हातानं दांडा सरकवणारा माणूस नटाकडे बघत असायचा, म्हणून तो थांबू शकायचा.

याचा अर्थ यंत्र वाईट असा नाही. हातातली वेळ त्या हाताबरोबर जाते. तापस सेन २००६ मध्ये गेले. ‘अंगार’चं पाणी नेमक्या किती सेकंदांत गळ्यापर्यंत यायचं, हे कन्सोलच्या फाइलसारखं बटण दाबून आज बघता येत नाही. यंत्रानं वेळ जपली, ही मोठीच गोष्ट झाली.

म्हणून नाटक करणाऱ्या तरुणांना माझं एवढंच सांगणं आहे. सेकंद जरूर साठवा. पण जिथे माणसाच्या श्वासावर प्रसंग उभा आहे, तिथे साखळी तोडा आणि ‘गो’ हातात ठेवा. आणि क्यूच्या कागदावर वेळेशेजारी कारणही लिहा, ‘तो मान वर करतो तेव्हा’ असं. उद्या कोणी ते नाटक पुन्हा उभं केलं, तर त्याला सेकंदांपेक्षा ते कारण जास्त उपयोगी पडेल.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.