ऑनलाइन दुकानाची प्रणाली : निवड आणि देखभाल

मालाची यादी, दर, शिल्लक साठा, ऑर्डर, बिल, पैसे आणि कुरिअर यांची कामे एकत्र सांभाळणारे सॉफ्टवेअर म्हणजे ऑनलाइन दुकानाची प्रणाली. तिचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. पहिल्यात सॉफ्टवेअर पुरवठादाराच्याच सर्व्हरवर चालते आणि दुकानदार दरमहा भाडे भरतो. कॅनडात २००६ मध्ये सुरू झालेले शॉपिफाय यातले. दुसऱ्यात सॉफ्टवेअर मोफत मिळते, पण ते स्वतःच्या सर्व्हरवर बसवून घ्यावे लागते. मॅजेंटो (२००८) आणि वर्डप्रेसवर चालणारे वूकॉमर्स (२०११) ही त्याची उदाहरणे. निवड बहुधा सोयींची यादी पाहून होते. छोट्या दुकानाला मात्र एकच प्रश्न आधी विचारायला हवा : बसवून देणारा निघून गेल्यावर दुकानातलाच माणूस ही प्रणाली चालती ठेवू शकेल का?

या प्रश्नाचे महत्त्व अहिल्यानगर जिल्ह्यात सहज पटते. अकोले तालुक्यातला तांदूळ पाकिटबंद करून विकणारे एखादे दुकान घ्या. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या, लेबल लावलेल्या पाकिटबंद तांदळावर ५ टक्के जीएसटी आला. १ ऑक्टोबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने दुकानांना ग्राहकांच्या कार्डांचे क्रमांक साठवता येईनासे झाले. २०२४ मध्ये जिल्ह्याचे नावच अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. दुकानदाराने काहीही न बदलता त्याचे दुकान जुने झाले. कराचा दर आणि दुकानाचा पत्ता सेटिंगमध्ये भरलेला असेल, तर तो एकदा बदलला की बिलावर, पावतीच्या ईमेलवर आणि माल परत पाठवण्याच्या पत्त्यात सगळीकडे बदलतो. तोच साच्यात थेट लिहिलेला असेल, तर प्रोग्रामर शोधत फिरावे लागते. कार्डाच्या नियमाने तर आणखी एक गोष्ट दाखवून दिली. पैसे घेण्याचे काम पूर्णपणे पेमेंट गेटवेकडे सोपवून कार्डाची माहिती स्वतःकडे न ठेवणाऱ्या दुकानांना या बदलाची फारशी झळ लागली नाही. जे जवळ ठेवले नाही, ते सांभाळावेही लागत नाही.

मोफत सॉफ्टवेअरचा खर्च पुढे उभा राहतो, हे मॅजेंटोच्या इतिहासावरून दिसते. त्याच्या पहिल्या आवृत्तीसाठी सुरक्षेच्या दुरुस्त्या देणे ३० जून २०२० रोजी थांबले. दुसरी आवृत्ती इतकी वेगळी होती की जुने जोडभाग तिला चालत नव्हते. दुकान जवळजवळ नव्याने बांधावे लागे. ज्यांनी ते टाळले, त्यांच्यापैकी सुमारे २,००० दुकानांमध्ये सप्टेंबर २०२० मध्ये अवघ्या काही दिवसांत कार्डचोरीचा कोड घुसवला गेला. वूकॉमर्समध्ये धोका वेगळ्या रूपात येतो. पेमेंट, कुरिअर आणि कर यांचे प्लगिन म्हणजे जोडभाग वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेले असतात. एक अद्ययावत केला की दुसऱ्याशी त्याचे जमेनासे होऊ शकते. पान नेहमीसारखे उघडते, पण ‘ऑर्डर करा’ हे बटण दाबले तरी पुढे काही होत नाही आणि विक्री का थांबली, हे दुकानदाराला कळत नाही.

म्हणून छोट्या दुकानाला भाड्याची प्रणाली बरी. यावर आक्षेप आहेत. लोणी, संगमनेर, कोपरगाव इथे अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. तिथली मुले स्वस्तात दुकान बांधून देतील, हा पहिला. बांधून देतील हे खरे. पण पदवीनंतर नोकरीसाठी ती पुण्याला गेली, की दुरुस्तीला हाक कोणाला मारायची? भाडे कायमचे मागे लागते, हा दुसरा आक्षेप रास्त आहे. परंतु त्याची तुलना सर्व्हर, बॅकअप आणि दुरुस्तीच्या मजुरीशी करायला हवी, शून्याशी नव्हे. तिसरा सर्वांत वजनदार : पुरवठादाराने दर वाढवले किंवा गाशा गुंडाळला तर? म्हणून डोमेन दुकानदाराच्याच नावावर असावे आणि माल, ग्राहक व ऑर्डर यांच्या याद्या दरमहा एक्सेलमध्ये उतरवून ठेवाव्यात. ज्या प्रणालीतून हे करता येत नाही, ती कितीही सोपी असली तरी घेऊ नये. पगारी तंत्रज्ञ ठेवणे परवडणाऱ्या मोठ्या संस्थेला स्वतःच्या सर्व्हरवरची मोफत प्रणाली लाभदायक ठरू शकते. एकदोन माणसांच्या दुकानाने मात्र विकत घेण्यापूर्वी कराचा दर बदलणे, पत्ता बदलणे, संपलेला माल यादीतून काढणे, पैसे परत करणे आणि यादी उतरवणे ही पाच कामे स्वतः करून पाहावीत. ती दुसऱ्याच्या मदतीशिवाय जमली, तरच ती प्रणाली त्या दुकानाच्या कामाची.